हँडल लॉक अडकलं. आता दार कुणाचं वाजवायचं?

सप्टेंबरातला रविवार. कासच्या फुलांचा हंगाम, त्यामुळे यवतेश्वरच्या रस्त्याला गाड्यांची रीघ. आमचे दाजी सांगलीहून एकटेच मोटरसायकल घेऊन आले होते. पठार बघून जेवायला साताऱ्यात आमच्याकडे येणार होते. दीड वाजता त्यांचा फोन आला.

"अरे, हँडल सुटंना गाडीचं. रिमोट खिशात हाय, बटण दाबतोय, तर नुसतं कटकट वाजतंय."

"दाजी, गाडी उतारावर लावलीय का?"

"उतारावरच की. इथं सपाट जागा हाय कुठं?"

"मग एका हातानं हँडल हलकं डावी-उजवीकडं हलवत ऱ्हावा, आणि हलवता हलवताच बटण दाबा. जोर लावू नका."

पलीकडून खट्ट आवाज आला आणि पाठोपाठ दाजींचं "आयला!" मेव्हण्यानं फोनवरनं गाडी दुरुस्त केली, हे त्या दिवशी जेवताना चारदा ऐकलं. पण महिन्याभरानं सांगलीच्या मार्केट यार्डात गाडी पुन्हा अडली आणि या वेळी ही युक्ती चालली नाही. गाडी टेम्पोत घालून न्यावी लागली. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, वॉरंटीचं बघायला वेळ लागंल. इन्शुरन्समध्ये टाकून देऊ का?"

बोलला आपुलकीनंच. पण दाजींनी मान डोलावली असती तर वर्षभराची कटकट अंगाला लागली असती. ती का, हे समजायला आधी चावी नसलेली गाडी चालू कशी होते ते बघावं लागेल.

एका चावीची तीन कामं

जुन्या लोखंडी चावीचं कौतुक आपण कधी केलं नाही. खरं तर तो एवढासा तुकडा तीन कामं करायचा. आपण मालक आहोत हे गाडीला पटवायचा, बॅटरीची वीज पुढे सोडायचा आणि हँडलमधला खिळा मागे ओढायचा. चावी गेली आणि ही कामं तिघांत वाटली गेली. ओळख पटवायची रिमोटनं, वीज द्यायची बॅटरीनं, खिळा ओढायचा लॉकमधल्या छोट्या मोटरनं. या तिघांपैकी कुणीही रुसलं तरी वरून दिसतं ते सारखंच: गाडी मख्ख उभी.

वैताग असा की तिघांचा खर्च वेगवेगळ्या खिशातून निघतो. रिमोटचा सेल तुमच्या खिशातून, बॅटरी तिच्या स्वतःच्या वॉरंटीतून, लॉक कंपनीच्या वॉरंटीतून, आणि धक्क्यानं मोडलेलं लॉक विम्यातून. म्हणून कोण रुसलंय हे कळायच्या आत कागदावर काही लिहून द्यायचं नाही.

आधी रिमोट. तुम्ही बटण दाबलंत की गाडी स्वतःभोवती एक मंद चुंबकीय लहर सोडते, साधारण सव्वाशे किलोहर्ट्झची. तिची पोच जेमतेम दोन-चार फूट. या लहरीनं खिशातला झोपलेला रिमोट जागा होतो आणि वेगळ्या, वरच्या लहरीवर उत्तर देतो. बहुतेक गाड्यांत ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. हे उत्तर ठरलेला परवलीचा शब्द नसतो, कारण तसा शब्द कुणी चोरून ऐकला की संपलं. इथला पहारेकरी दर वेळी नवं गणित घालतो, आणि ते सोडवायचा गुप्त पाढा फक्त त्या गाडीला आणि तिच्या रिमोटला ठाऊक असतो. उत्तर बरोबर आलं की दिंडी उघडते.

म्हणजे रिमोटला रोज गणितं सोडवायची आहेत, तीही एका चपट्या सेलवर. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा सेल असतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. घड्याळाच्या दुकानात मिळतो. आपल्या रिमोटचा नंबर मात्र उघडून बघा, जाडीत फरक असला तर झाकण बसत नाही. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप दिलेला असतो. तो कधी कधी संपर्काच्या जागी आडवा येतो आणि कोरा करकरीत सेलही मेल्यासारखा वागतो. कोरड्या फडक्यानं पुसून पाहावा. थंडीत सेलची ताकद उतरते. वेण्णा लेकच्या काठी दव गोठतं त्या दिवसांत पहाटे महाबळेश्वरला गाडीनं ओळख दिली नाही, तर रिमोट मुठीत धरून दोन मिनिटं ऊब द्या. हसू नका, चालतं हे.

दुसरं कारण गर्दी. एकाच खिशात मोबाइल, पॉवर बँक, सुटी नाणी आणि रिमोट असला की त्या मंद लहरीला वाट मिळत नाही. रिमोट वेगळ्या खिशात ठेवून पुन्हा बटण दाबणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. टीव्ही टॉवर, वीजकेंद्र, विमानतळ यांच्या जवळ अडचण येऊ शकते असंही मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. म्हणून साताऱ्यातल्या टॉवरवाल्या अजिंक्यताऱ्याखालच्या सगळ्या गाड्या बंद पडतात असं काही नाही. पण एखाद्या ठरावीक जागीच गाडी रुसत असेल तर दोष गाडीचा नसून जागेचाही असू शकतो. हँडल मोकळं असेल तर चार पावलं ढकलून बघावी.

सेल पूर्ण मेला तरी बहुतेक गाड्यांत मागचं दार ठेवलेलं असतं. कुठे रिमोट गाडीच्या एका ठरावीक जागेला चिकटवून धरायचा असतो. त्यातल्या चिपला सेल लागत नाही, गाडीच्याच लहरीतून ती आपल्यापुरती वीज उचलते. कुठे आकडी कोड टाकायचा असतो, कुठे सीट उघडायला आपत्कालीन चावी दिलेली असते. ही चावी हरवू नये म्हणून लोक कुठे ठेवतात? त्याच सीटखाली! दाजींनीही तेच केलं होतं.

बॅटरी आणि खिळा

बॅटरीचं थोडक्यात. १२ व्होल्टची म्हणतात ती पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्थ असताना १२.६ किंवा थोडं वर दाखवते. मीटरवर १२ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी समजा. चावीची गाडी बंद केली की बंद असायची. ही गाडी मात्र रिमोटची चाहूल घेत रात्रभर थोडी थोडी वीज खात बसते. त्यात कुणी जीपीएस ट्रॅकर, जादा हॉर्न, फॉग लाइट लावून घेतलेले असतात. महिनाभर गाडी उभी राहिली की डिस्प्ले उजळतो, पण लॉकची मोटर फिरण्याइतका जीव उरत नाही. दिवे मंद, लॉक कटकटतंय, हॉर्न घोगरा, अशी तिन्ही लक्षणं एकदम दिसली तर नव्वद टक्के बॅटरीच. हे नव्वद टक्के माझ्या अंदाजाचे, कुठल्या अभ्यासाचे नव्हेत.

आता लॉक, ज्याला आपण सगळे हँडल लॉक म्हणतो. हँडलच्या दांड्याला एक खाच असते आणि शेजारच्या स्थिर भागातून एक खिळा त्या खाचेत घुसतो. एवढंच ते. पण खिळा हलवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचे आजार वेगळे. स्कूटरमध्ये सहसा गोल खटका असतो. होंडानं जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हा एच-स्मार्ट आणली, त्यात असाच आहे. तिथे ओळख पटली की खटका फक्त मोकळा होतो आणि फिरवायचं काम तुमच्या बोटांचं. महागड्या टूरिंग मोटरसायकलींमध्ये मात्र बोटांना कामच नाही. छोटी मोटर दातेरी चाकातून खिळा आत-बाहेर करते आणि खिळा नेमका कुठे आहे हे एक बारीक स्विच गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो.

हा स्विच म्हणजे सगळ्या कथेतला नारद. खिळा पूर्ण मागे आला, अशी बातमी त्यानं दिल्याशिवाय कॉम्प्युटर इंजिन चालू होऊ देत नाही. ते योग्यच आहे. अर्धवट सुटलेला खिळा केळघरच्या घाटात वळणावर पुन्हा खाचेत पडला तर काय होईल, कल्पना करा. म्हणून यंत्रणेचा नियम सोपा: शंका असेल तर गाडी चालू करायची नाही. पण त्यामुळेच कधी खिळा खरोखर सुटलेला असतो, हँडल मोकळं फिरतं, आणि स्विचला धूळ किंवा ओल लागल्यामुळे गाडी तरीही हटून बसते. दाजींचं यार्डात नेमकं हेच झालं होतं. यवतेश्वरचा आजार निराळा होता. उतारावर हँडलचा भार खाचेच्या कडेनं खिळ्यावर येतो, खिळा आवळला जातो, आणि बोटाएवढ्या मोटरला तो ओढवत नाही. हँडल हलवलं की भार क्षणभर सुटतो. म्हणून ती युक्ती चालली.

बाकी आपल्या भागात या लॉकचे शत्रू कमी नाहीत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल वाळून पीठ होतो आणि हँडलखाली जाऊन बसतो. वॉशिंग सेंटरवाला जास्त चांगलं धुवावं म्हणून प्रेशरचा फवारा थेट तिथेच मारतो. सगळ्यात वाईट म्हणजे पार्किंगवाला. स्टँडवर आणखी एक गाडी बसवायची म्हणून तो लॉक केलेल्या गाड्या हँडलला धरून फरफटवतो, आणि सगळा भार त्या करंगळीएवढ्या खिळ्यावर येतो. गाडी संध्याकाळी चालू होते, आपल्याला पत्ता नसतो. खिळा मात्र किंचित वाकलेला असतो आणि आठवड्याभरानं अडतो.

अडलेलं हँडल झटका देऊन तोडू नका. गाडीचं नुकसान होतं ते वेगळंच, पण बाहेरून जोर लावल्याची खूण दिसली की वॉरंटीवाला हात वर करायला मोकळा होतो.

बिघडलं की मोडलं?

सगळा पैशाचा प्रश्न या दोन शब्दांच्या मध्ये आहे.

वॉरंटी म्हणजे बनवणाऱ्याचा शब्द: आमच्या वस्तूत, आमच्या घडणीत खोट निघाली तर आम्ही भरून देऊ. काहीही न आदळता, कुणी हात न लावता आतून बिघडलं तर ते त्याचं. विमा म्हणजे बाहेरून आलेल्या संकटाचा करार. अपघात, चोरी, आग, पूर, दरड, दंगल, कुणी मुद्दाम केलेली नासधूस, एवढंच काय टेम्पोतून गाडी नेताना झालेलं नुकसानही त्यात येतं. मात्र आपल्याकडच्या वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड यांचे पैसे मिळणार नाहीत. लॉकची मोटर जळली, स्विच खराब झाला, रिमोट मेला, हे सगळं त्या वाक्यात बसतं.

आता काउंटरवरच्या मुलाचं म्हणणं आठवा. काहीही न आदळता बिघडलेलं लॉक 'इन्शुरन्समध्ये टाकायचं' म्हणजे फॉर्मवर न झालेला अपघात लिहायचा. तो खोटा दावा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं गाडीवर एक ओरखडा नसल्याचा फोटो काढला की दावा तर जातोच, शिवाय फसवणुकीचा ठपका नावावर बसतो. दावा मंजूर झाला तरी तोटा आहेच: जे काम वॉरंटीत फुकट झालं असतं त्यासाठी तुम्ही नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाळलेला असतो. आणि उद्या तेच लॉक पुन्हा बिघडलं तर कंपनी म्हणणार, ही तर अपघातातली गाडी.

उलट चूकही होते. वाकलेला खिळा घेऊन लोक वॉरंटीसाठी भांडत बसतात. सिग्नलला गाडी पडली, टोइंगवाल्यानं उचलताना हँडल मुरगळलं, रात्री चोरानं लाथ मारून लॉक तोडायचा प्रयत्न केला, ही मोडतोड आहे. इथे विमा. चोरीच्या प्रयत्नाची पोलिसांत नोंद मात्र करा, नाहीतर लाथ कुणी मारली हे सांगणारं कुणी नसतं.

पण मुळात विमा आहे का? मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तिऱ्हाइताचा (थर्ड पार्टी) विमा सक्तीचा. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेतानाच तो ५ वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख दिसते, माणूस निर्धास्त राहतो, आणि दुसऱ्या वर्षापासून त्याच्या स्वतःच्या गाडीला कवडीचंही संरक्षण नसतं. हा लेख इथेच थांबवून पॉलिसी काढून बघितलीत तरी चालेल. नुकसानीच्या भागाची तारीख वेगळी छापलेली असते.

विमा असला तरी पूर्ण पैसे मिळतात असं नाही. एक हिशोब करू. समजा अडीच वर्षांची गाडी पडली. लॉकचं युनिट ६,००० रुपयांचं आणि पुढचं प्लॅस्टिकचं कव्हर २,००० रुपयांचं. धातूच्या भागांना वयानुसार घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लागतो: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, मग ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांना वय न बघता सरळ ५० टक्के. म्हणजे युनिटमधून ९०० गेले आणि कव्हरमधून १,०००. सक्तीचे १०० रुपये आपल्या पदरचे. ८,००० चे उरले ६,०००. पॉलिसीला घसारामुक्तीची (झिरो डेप) जोड घेतलेली असेल तर हे १,९०० वाचतात.

आता दुसरी बाजू. सलग दावा न करणाऱ्याला पहिल्या वर्षानंतर २० टक्के बोनस मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक दावा केला की पुन्हा शून्य. वरच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता १,५०० रुपये धरला तर तिसऱ्या वर्षाअखेर ३५ टक्के म्हणजे ५२५ रुपये सवलत मिळाली असती. ती गेली, आणि पुढच्या वर्षांतही थोडी थोडी जातच राहणार. ६,००० साठी ते परवडतं. पण १,२०० रुपयांच्या खटक्यासाठी दावा करणारा माणूस मला भेटलाय, आणि त्याला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

रिमोट हरवला तर? बिघाडही नाही, मोडतोडही नाही. वॉरंटी हसणार, आणि साध्या पॉलिसीत गाडी जागेवर असताना नुसता रिमोट गेल्याचे पैसे मिळत नाहीत. चावी बदलून देणारी जोड घेतली असेल तरच. कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेलेल्या रिमोटची गतही तीच. काही गाड्यांत दोन्ही रिमोट गेले तर गाडीचं कंट्रोल युनिटच बदलावं लागतं. म्हणून पहिला हरवला की दुसरा लगेच करून घ्यायचा, 'बघू सवडीनं' म्हणायचं नाही.

पुराचं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपलीकडे गेलं होतं. पूर विम्यात बसतो. पण पाणी ओसरल्यावर 'चालू होतीय का बघू' म्हणून बटण दाबलं की गाळानं भरलेल्या युनिटमध्ये वीज सोडली जाते, आणि त्यानंतरचं नुकसान पुराचं की तुमचं, यावर वाद सुरू होतो. चावीच्या काळात इंजिनाबद्दल हेच सांगायचे. आता ते लॉकपासूनच सुरू होतं. बटणाला हात लावायच्या आधी पाण्याची रेघ दिसेल असा फोटो, विमा कंपनीला कळवणं, जमलं तर बॅटरीची ऋण वायर सोडवणं.

जॉब कार्ड नावाचा कागद

सर्व्हिस सेंटरमध्ये माणसं भांडण तोंडी करतात आणि सही मुकाट्यानं करतात. असायला उलट हवं.

गाडी कामाला घेताना सर्व्हिस सेंटर भरतं त्या जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार लिहायची जागा असते. तिथे ते 'लॉक प्रॉब्लेम' असं दोन शब्दांत उरकतात. मी दाजींना सांगितलं तसं लिहायला लावा: अमुक तारखेला, गाडी पडलेली किंवा आदळलेली नसताना, हँडल मोकळं असूनही गाडी चालू होत नाही, डिस्प्लेवर अमुक खूण येते. मोबाइलवर तेवढा व्हिडिओ काढून ठेवा, कारण हा आजार दातदुखीसारखा आहे, डॉक्टरच्या दारात पोचला की थांबतो. त्यांच्या मशीनला गाडी जोडली की बिघाडाचा कोड निघतो. तो कोड जॉब कार्डवर लिहून मागा. 'तपासलं, ओके आहे' म्हणून गाडी परत दिली तरी त्या फेरीचं कार्ड घ्या. वॉरंटी संपायच्या आधी तीनदा नोंदवलेली तक्रार, लॉक वॉरंटी संपल्यावर आठव्या दिवशी मेलं तर तुमच्या बाजूनं बोलते. तोंडी तक्रार बोलत नाही.

वॉरंटी नाकारायची नेहमीची कारणं दोन: ठरलेल्या सर्व्हिस वेळेत केल्या नाहीत, आणि वायरिंगला बाहेरच्या माणसानं हात लावला. दुसरं कारण पुष्कळदा खरंच असतं. फॉग लाइटसाठी रस्त्याकडेच्या इलेक्ट्रिशियननं एक वायर सोलली की सगळ्या विजेच्या कामाची वॉरंटी वादात पडते.

तरीही ऐकलं नाही तर कंपनीला लेखी ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तो साताऱ्यातही आहे, सांगलीतही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. मुदत २ वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, म्हणजे बहुतेक दुचाकी त्यात बसतात. विम्याच्या तक्रारीचा रस्ता वेगळा: आधी विमा कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक, आणि तरी समाधान नाही तर पुण्यातला विमा लोकपाल. कंपनीनं नकार दिल्यापासून एका वर्षात जावं लागतं. फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि चोरी

रिमोटच्या गाडीची खास चोरी अशी असते: एक जण तुमच्या दाराशी उभा राहून रिमोटचा आवाज पकडतो, दुसरा तो गाडीपाशी पोचवतो, आणि पहारेकऱ्याला वाटतं मालकच जवळ आलाय. गणित फोडावं लागत नाही, ते नुसतं लांब वाहून नेलं जातं. पण इतकी हुशारी न लागणारी चूक घरोघरी चालते. रिमोट दारामागच्या खुंटीला आणि गाडी त्याच भिंतीच्या बाहेर. चार फुटांच्या आतलं अंतर. मग खटका कुणीही फिरवावा. खुंटी बदला, किंवा रिमोटला बंद ठेवायचं बटण असेल तर ते वापरा. कुणी स्टीलच्या डब्यात ठेवतात. तो डबा काम करतो का ते हातात धरून गाडीपाशी जाऊन एकदा तपासा. झाकण सैल असलं तर तो लाडवांनाच बरा.

चोरी झालीच तर आधी पोलीस, लगेच, आणि त्याच दिवशी विमा कंपनी. पोलिसांत तत्काळ फिर्याद दिली असेल तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. पण त्या निकालाच्या भरवशावर उशीर करण्यात शहाणपणा नाही. विमा कंपनी दोन्ही रिमोट मागते. एक आधी हरवला असेल आणि त्याचा कागद नसेल तर संशय तुमच्यावर येतो. म्हणून रिमोट हरवला त्याच आठवड्यात पोलिसांत हरवल्याची नोंद, सर्व्हिस सेंटरमध्ये जुना रिमोट गाडीच्या यादीतून काढून टाकल्याचं जॉब कार्ड, आणि विमा कंपनीला दोन ओळींचा ईमेल. गाडी सापडली नाही तर पुढे 'ए समरी' लागते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा पोलिसांचा अहवाल. त्याला वेळ लागतो.

रिमोट डिकीत ठेवून चहाला जाणं हे चावी लावून ठेवण्यासारखंच. ट्रकमध्ये चावी राहिली आणि ट्रक चोरीला गेला, अशा एका प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विम्याची ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. म्हणजे दावा पूर्ण बुडाला नाही, पण विसराळूपणाची किंमत पाव हिस्सा पडली. तीही वरच्या कोर्टापर्यंत जाऊन.

दाजींच्या गाडीचं लॉक वॉरंटीत बदलून मिळालं. तिसऱ्या फेरीला, कोड लिहिलेल्या कार्डामुळे. काउंटरवरच्या मुलानं जुना स्विच उघडून दाखवला तर आत पिवळी पूड. मार्केट यार्डात दाजींची हळदीची अडत आहे, गाडी दिवसभर पोत्यांशेजारी उभी असते. आता ते गाडी गेटाबाहेर लावतात. सीटखालची आपत्कालीन चावी ताईनं काढून देवघरात कुंकवाच्या करंड्यामागे ठेवली आहे, आणि ती कुठे आहे हे दाजींना अजून सांगितलेलं नाही.